न लागलेला दिवा

बिबवेवाडीत आम्ही राहतो त्या सोसायटीत पार्किंगच्या जागा सोळा आणि गाड्या एकवीस. अशा ठिकाणी सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने आधी जागा बघावी आणि मग गाडी. आम्ही उलटे केले. ओळखीतल्या एका गृहस्थांची गाडी मिळत होती, भाव परवडत होता, रंगही मुलांना आवडला. आम्ही दोघेही शिक्षक, एकाच शाळेत नसलो तरी एकाच पगारश्रेणीत, त्यामुळे नव्या गाडीचा विचार कधी मनात आला तरी बोलून दाखवत नाही.

गाडी २०१३ ची, लहान, पण ऑटोमॅटिक. विकणाऱ्यांनी दाखवताना एक बटण अभिमानाने दाखवले होते. "यात ईएसपी आहे. त्या काळात या किमतीच्या गाडीत कुणी देत नव्हतं. गाडी घसरतच नाही." आमच्या मुलाने ते वाक्य पाठ केले. शाळेतला धडा सोडून बाकी सगळे त्याचे लगेच पाठ होते.

गेल्या वर्षी जुलैत म्हसळ्याला भाचीची मंगनी होती. मुळशीवरून ताम्हिणी घाटाने माणगाव आणि तिथून पुढे, हा आमचा नेहमीचा रस्ता. ताम्हिणी म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. दादी मागे मुलांच्या मधोमध, मांडीवर कयानीच्या श्रूजबेरी बिस्किटांचे दोन पुडे. गाडी कोण चालवत होते, हे सांगायचे नाही असे आमच्या दोघांत ठरले आहे.

घाट उतरताना एका वळणावर डोंगरावरची लाल माती पाण्याबरोबर रस्त्यावर आली होती. ब्रेक जरा उशिरा लागला. गाडीचे तोंड वळले खरे, पण मागचा भाग वळायचे सोडून सरळ पुढे निघाला. मग काय झाले ते नीट सांगता येत नाही. काचेसमोर आधी रस्ता होता, मग डोंगर, मग आपण आलो तो रस्ता. थांबलो तेव्हा मागचा बंपर डोंगराच्या बाजूच्या चिखलात रुतला होता आणि गाडीचे तोंड पुण्याकडे होते. दरी दुसऱ्या बाजूला होती.

कुणाला खरचटलेही नाही. अल्हम्दुलिल्लाह म्हणायलासुद्धा दादींना मिनिटभर लागले. मागून येणाऱ्या टेम्पोतल्या चौघांनी उतरून गाडी ढकलून दिली आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. पुढे माणगावपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. माणगावच्या स्टँडजवळ चहा घेताना मुलगा म्हणाला, "अब्बू, अम्मी, या गाडीत तर ते आहे ना? घसरतच नाही म्हणाले होते ना ते?"

प्रश्न त्याने दोघांनाही विचारला होता आणि उत्तर दोघांकडेही नव्हते.

मंगनी पार पडली, परत येताना आम्ही वेळ काढत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर आलो. घरी आल्यावर मुलाने गाडीचे पुस्तक काढले. तोपर्यंत ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनात तसेच पडून होते. शिक्षकाच्या घरात चार वर्षे एक पुस्तक न वाचलेले राहावे, याची आम्हाला लाज वाटली. त्यात लिहिले होते की किल्ली फिरवली की मीटरमधले इशाऱ्याचे सगळे दिवे एकदा लागतात आणि काही सेकंदांत विझतात. हा यंत्राचा स्वतःचा हजेरीपट असतो. जो दिवा लागून विझत नाही, तिथे बिघाड. आणि जो लागतच नाही, तिथेही बिघाड.

आम्ही चौघे खाली गेलो. मुलाने किल्ली फिरवली आणि एक-एक नाव घेऊन हजेरी घेतली. इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस. सगळे 'हजर' म्हणून विझले. घसरणाऱ्या गाडीचे चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा, असा पिवळा दिवा मात्र कुठेच दिसला नाही. म्हणजे तो या चार वर्षांत आम्ही कधी पाहिलाच नव्हता. नसलेली गोष्ट दिसत नाही, एवढे साधे होते ते.

हे ईएसपी म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा धड माहीत नव्हते, म्हणून वाचकांसाठी थोडे सांगतो. बैलगाडी वळवताना गाडीवान काय करतो? ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा बैल रोखतो, दुसऱ्याला चालू देतो. ईएसपी तेच करते, फक्त चार चाकांवर आणि सेकंदाच्या छोट्याशा भागात. स्टिअरिंगला लावलेला एक सेन्सर सांगतो की चालकाला कुठे जायचे आहे. चार चाकांचे चार सेन्सर त्यांचा वेग सांगतात. आणि गाडीच्या मध्यभागी, बहुधा सीटच्या आसपास तळाला, एक डबी असते. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि बाजूला किती ओढली जाते आहे, ते ही डबी मोजते. कारागीर तिला यॉ सेन्सर म्हणतात. चालकाची इच्छा आणि गाडीची चाल यांत फरक पडला की यंत्र एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक रोखते. गाडी वळतच नसेल, सरळ जात असेल, तर आतल्या बाजूचे मागचे चाक.

ही युक्ती बॉश आणि मर्सिडीज यांनी १९९५ मध्ये बाजारात आणली, तीही अतिश्रीमंतांच्या गाडीत. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाच्या पत्रकारांनी मर्सिडीजची छोटी ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखे मोठे जनावर आले तर गाडी कशी वळते, ते बघायची ती चाचणी. गाडी उलटली. बभ्रा झाला आणि कंपनीने त्या छोट्या गाडीतही हे यंत्र सरसकट बसवले. तिथून ते मध्यमवर्गाच्या गाड्यांकडे सरकू लागले. आपल्याकडे एबीएस सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाडीत हे यंत्र असावेच लागते. नवी गाडी घेणाऱ्याला हे सगळे माहितीपत्रकात वाचायला मिळते. आमच्यासारख्या तिसऱ्या मालकाला घाटात कळते.

पहिल्यांदा आम्ही घराजवळच्याच गॅरेजमध्ये गेलो. मुलगा चांगला, आमच्या स्कूटरची कामे तोच करतो. तो म्हणाला, "सर, एबीएस चालू आहे ना? मग झालं. ईएसपी नसलं तरी काय बिघडत नाही. निम्म्या पुण्याकडे नाही." हे खरेही होते. पण निम्म्या पुण्याची गाडी ताम्हिणीत पुण्याकडे तोंड करून उभी राहिली नव्हती.

मग एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे चहा मिळाला, गाडीला नंबर मिळाला आणि संध्याकाळी एक कागद मिळाला. ब्रेकचे अख्खे हायड्रॉलिक युनिट बदलावे लागेल, खर्च ५८,००० रुपये, माल यायला तीन आठवडे. "मीटरमधला दिवा का लागत नाही?" या प्रश्नावर, "तो मीटरचा वेगळा प्रॉब्लेम, मीटरचं एस्टिमेट वेगळं देऊ," असे उत्तर आले. बिघाड नक्की कुठला आहे, ते कागदावर कुठेच नव्हते. फक्त काय बदलायचे ते होते.

इथे एक गोष्ट लिहायला जड जाते, पण न लिहिता पुढे जाता येणार नाही. त्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघांनी हिशोब केला. पावणेतीन लाखांची गाडी, तिच्यावर अठ्ठावन्न हजार. मुलाचे दहावीचे वर्ष, पुढे अकरावीचा प्रवेश. आमच्यातला एक जण म्हणाला, "विकूनच टाकू या." दुसऱ्याने विचारले, "घेणाऱ्याला काय सांगणार?" पहिल्याने उत्तर दिले नाही, आणि खरे तर दुसऱ्याने पुन्हा विचारलेही नाही. सकाळी जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मीटरमध्ये काही लाइट पेटलेली राहते का?" आम्ही म्हणालो, नाही. शब्दाला धरून पाहिले तर हे खोटे नव्हते. "मग काय टेन्शन नाही, घेऊन या," तो म्हणाला.

दादी समोर मटार सोलत होत्या. फोन ठेवल्यावर त्या गावाकडच्या म्हशीची गोष्ट सांगू लागल्या. आमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी की आजोबांनी, हे आम्हाला कळले नाही, एक म्हैस विकली. दूध भरपूर, पण चौथ्या आचळाला हात लावला की लाथ मारायची. बाजारात उभे राहून त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला तिची खोड सांगितली. दोनशे रुपये कमी आले. "मग?" मुलीने विचारले. "मग काही नाही. दोनशे कमी आले," दादी म्हणाल्या आणि शेंगांची टरफले गोळा करू लागल्या.

त्या दुपारी आम्ही गाड्या घेणाऱ्याकडे गेलो नाही. शाळेतल्या एका शिपायाने नाना पेठेतल्या एका इलेक्ट्रिशियनचे नाव सांगितले होते, तिकडे गेलो. नाना पेठ म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचे आगर. जे पार्ट कंपनीही बनवायचे विसरली, ते तिथे एखाद्या माळ्यावर सापडतात. ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. दुकान म्हणजे एक शटर, आत एक खाट, एक जुना लॅपटॉप आणि वायरींचे भेंडोळे. वय साठीच्या पुढचे, चष्मा दोरीला बांधलेला.

आम्ही घाईघाईने सगळी हकीकत सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. "मास्तर, पेपर तपासताना तुम्ही आधी मार्क देता का?" आम्ही गप्प बसलो.

त्यांनी पहिल्यांदा बॅटरी मोजली. बंद गाडीत १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४ च्या वर. "व्होल्टेज कमी असेल तर हे यंत्र आधी बंद पडतं आणि लोक पार्ट बदलत बसतात." मग खाली बसून टायर पाहिले. चारही टायरवर बोट फिरवले आणि आमच्याकडे बघितले. पुढचे दोन नवे होते, सहा महिन्यांपूर्वी घेतलेले. मागचे दोन जुने. टायरच्या खाचांत आडव्या छोट्या उंचवट्यांसारख्या पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटरवर असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. आमचे मागचे टायर त्या पट्ट्यांच्याही खाली गेले होते.

"नवे पुढे कुणी लावले?"

टायरवाल्याने लावले होते आणि आम्हीही मान डोलावली होती. स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, म्हणून नवे पुढे. उस्ताद म्हणाले, दोनच घेणार असाल तर नवे मागे लावायचे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, माणूस वेग कमी करून सावरतो. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. घाटात काय झाले ते आम्ही अजून त्यांना पूर्ण सांगितलेही नव्हते. त्या चार टायरांऐवजी दोन घेऊन आम्ही जे नऊ हजार वाचवले होते, त्यांचा त्या घाटात मोठा वाटा होता. निर्णय आम्हा दोघांचा, असे इथे लिहून ठेवतो. घरी अजून वाद चालू आहे.

त्यानंतर लॅपटॉप जोडला. कोड निघाले ते त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून घेतले आणि मगच पुसले. कोड आधी पुसणारा कारागीर म्हणजे रोग्याचे कागद फाडणारा डॉक्टर, असे त्यांचे म्हणणे. पुसून गाडी चालू केली, एकच कोड परत आला. तो यॉ सेन्सरचा होता. आता ते चालू आकडे पाहू लागले. ब्रेक दाबला, पडद्यावर शून्याचा एक झाला. स्टिअरिंग सरळ, आकडा शून्याजवळ. पूर्ण वळवले, आकडा पाचशेच्या पुढे. चार चाकांचा वेग एकसारखा. मग यॉ सेन्सर. गाडी शटरसमोर उभी, हँडब्रेक लावलेला, आणि आकडा शून्यावरून ३७, ३७ वरून ६०, पुन्हा शून्य, पुन्हा ६०.

उस्ताद हसले. "गाडी खडी है, और ये बोल रहा है गोल घूम रही है. अब सिस्टम किसकी सुनेगा? चुप बैठ गया बेचारा."

एका साक्षीदाराची जबानी इतरांशी जुळत नाही म्हटल्यावर यंत्र चुकीचा ब्रेक लावण्यापेक्षा स्वतःच बाजूला होते आणि दिवा लावून तसे कळवते. आमच्या गाडीत ते बाजूला झाले होते. कळवण्याची सोय तेवढी कुणीतरी काढून घेतली होती.

त्यांनी डावीकडची पुढची चटई उचलली, मग तिच्याखालचे कार्पेट. हात दाबला तसे पाणी वर आले. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. कारण गाडी घेतल्या दिवसापासून तिला एक कुबट वास होता आणि आम्ही त्यावर आरशाला अत्तराची कुपी टांगून उपाय केला होता. पावसाळ्यात दोन कुप्या.

एसी चालू असताना आतल्या जाळीवर जमणारे पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली गळते. नळी धुळीने, पाल्याने बुजली की तेच पाणी आत, कार्पेटखाली उतरते. पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या गाड्यांखाली ओल दिसायची आणि आमच्या गाडीखालची फरशी कोरडी. आम्ही त्याचा अभिमान बाळगून होतो! पाणी तळाशी साचत राहिले आणि मधल्या बोगद्यापाशी असलेल्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये शिरले. उस्तादांनी तो ओढून काढला तर पितळी पिनांवर शेवाळासारखा हिरवा थर.

सेन्सर चांगला होता. त्यांनी पिना फवाऱ्याने धुतल्या, दोन नव्या बसवल्या, नळीत हवा मारली. बोळा निघाला आणि पेलाभर काळे पाणी रस्त्यावर पडले. कार्पेट दोन दिवस उन्हापावसाच्या लपंडावात आमच्या गॅलरीत वाळत होते. तिसऱ्या दिवशी कनेक्टर जोडला आणि पडद्यावर आकडा ०.१ वर येऊन स्थिर बसला. मग सपाट जागेवर चाके सरळ ठेवून स्टिअरिंगचे शून्य त्यांनी यंत्राला नव्याने शिकवले. अलाइनमेंटनंतर किंवा काही गाड्यांत बॅटरी काढल्यावरही हे करावे लागते.

शेवटी मीटर खोलला. त्या पिवळ्या दिव्यासमोर, तबकडीच्या मागे, इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी चिकटपट्टी होती. नखाएवढी. कात्रीने नीट, चौकोनी कापलेली. कुणीतरी वेळ काढून, चांगला हात बसवून केलेले काम होते ते. उस्तादांनी चिमट्याने काढून आमच्या तळहातावर ठेवली.

सगळ्याचे त्यांनी २,२०० रुपये घेतले. मागचे दोन टायर वेगळे.

पुढच्या रविवारी फजरनंतर येवलेवाडीच्या बाजूच्या एका रिकाम्या मैदानात त्यांनी आम्हाला बोलावले. माती ओली होती. चाळीसच्या वेगाने त्यांनी स्टिअरिंग एकदम वळवले. मागचा भाग निघालाच होता, इतक्यात खालून कर्र-कर्र असा आवाज आला, पिवळा दिवा भराभर लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. लुकलुकणे म्हणजे यंत्र काम करते आहे. सतत लागून राहिला तर ते बंद आहे. मुलगा मागे बसून ओरडत होता, "परत, परत!" उस्तादांनी परत केले नाही. "पन्नास-साठवर, चिखलात, झिजलेल्या टायरवर हाच दिवा लुकलुकेल आणि गाडी तरीही जाईल," एवढे त्याला ऐकवले.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन करायचा की नाही, यावर घरात आठवडाभर खल झाला. शेवटी केला. पट्टीचे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीसुद्धा तशीच घेतली होती. मला वाटलं, या मॉडेलला तो दिवाच नसेल." ते खरे बोलत होते की नाही, आम्ही ठरवू शकलो नाही. आम्ही विचारले, "आणि वास?" ते म्हणाले, "वास होता. मी ते जेलचं डबडं ठेवायचो." यावर आम्ही काय बोलणार?

यंदा जूनमध्ये मुलाचा अकरावीचा प्रवेश आहे, त्यामुळे गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला आहे. वरच्या मजल्यावरचा एक तरुण, नुकतेच लग्न झालेला, परवा संध्याकाळी बघायला आला. आम्ही त्याला गाडीची फाइल दिली. तिच्यात ५८,००० चा कागद आहे, उस्तादांचा कोड लिहिलेला पुठ्ठा आहे, टायरची पावती आहे आणि मागच्या पानावर ती काळी पट्टी चिकटवलेली आहे. त्याने सगळे वाचले. पट्टीवरून बोट फिरवले. मग किल्ली फिरवून दिव्यांकडे पाहत राहिला आणि आमच्या भावातून पंचवीस हजार कमी करून मागितले.

दादींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हशीचे दोनशेच गेले होते."

त्याने अजून हो म्हटलेले नाही. जाताना एवढेच विचारले, "सर, मॅडम, ते डावीकडचं कार्पेट एकदा उचलून दाखवता?"

आम्ही उचलले. कोरडे होते.